अठरापैकी सात

सकाळी पहिला ब्लॉक कापून होईपर्यंत ती कुणाशी बोलत नसे.

मेणात बसवलेले मेंदूचे तुकडे, म्हणजे ते ब्लॉक, बर्फावर उलटे ठेवी. गार मेण नीट कापलं जातं.

काप कोमट पाण्यावर सोडताना श्वास रोखून धरी. नुसत्या उच्छ्वासानेही तो उडतो.

स्लाइडवर आकडा पेन्सिलीनेच लिही. शाई रसायनांत धुऊन जाते.

तिच्या स्टुलावर कुणी बसलं तर बोलत नसे. ओल्या फडक्याने स्टूल पुसून घेई, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत.

घरी ब्रेड इतका पातळ कापी की भाचा म्हणे, "आत्या, यातून शेजारचं घर दिसतंय."

चिडली की तिचा आवाज चढत नसे, खाली जाई. तिला ओळखणारे तेव्हा खोलीबाहेर जात.

प्रयोगशाळेत तिला पाठीमागे ‘करवत’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं. "चूक आहे," ती म्हणे. "करवत फाडते. मी फाडत नाही."

वय एकोणसाठ. त्यातली एकतीस वर्षं याच खोलीत गेली. म्हातारपणी माणसाची स्मृती का जाते, मेंदूत तेव्हा नेमकं काय होतं, हे शोधण्याचं काम तिथे चाले. म्हातारी माणसं जिवंतपणी मेंदूदानासाठी नाव नोंदवत. वर्षातून एकदा कुणीतरी त्यांच्या घरी जाई. आज वार कोणता विचारी, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगी, घड्याळाचं चित्र काढून घेई. माणूस गेला की मेंदू इकडे येई. त्याच्या ठरलेल्या अठरा जागांमधून अठरा ब्लॉक बनत. ते कापायचे, रंगवायचे, आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचे. नाव कुठेच नसे. फक्त आकडा.

एक नियम भिंतीवर लावलेला होता. ओळखीचा माणूस आहे असा संशय आला तर लगेच सांगायचं आणि ते काम दुसऱ्या टेक्निशियनकडे द्यायचं. दुसऱ्यांनी तो मोडला तर ती त्यांना फाडून खाई.

तिच्या थोरल्या भावाचं नाव तिनेच नोंदवलं होतं. दादा मोजणी खात्यात नकाशे काढत असे. वडिलांच्या मागे त्यानेच तिला शिकवलं. दोघांत सख्य होतं असं म्हणता येणार नाही, पण रविवारचं जेवण एकत्र होई.

पाच वर्षांपूर्वी नातीच्या वाढदिवशी, केक कापून झाल्यावर, दादाने पंधरा माणसांत तिच्याकडे बोट दाखवलं.

"आईला हिने मारलं," तो म्हणाला. "दुपारची गोळी द्यायची विसरली. आणि आता लोकांचे मेंदू कापत बसते."

वहिनीने घाईघाईने त्याच्या हातातला चमचा काढून घेतला.

"मनावर घेऊ नका, वन्सं. हल्ली त्यांचं असंच चाललंय. डोकं ठिकाणावर नसतं."

"ठिकाणावर नसतं?" तिचा आवाज खाली गेला होता. "मघाशी जावयाला बुद्धिबळात तीनदा हरवलं, ते काय गुडघ्याने?"

ती उठली, चपला घातल्या आणि निघाली. पुन्हा त्या घरात पाऊल टाकलं नाही.

आई गेली तेव्हा ती बावीस वर्षांची होती. दुपारी आईची हृदयाची गोळी असे. त्या दुपारी ती परीक्षेचा अभ्यास करत होती. गोळी दिली होती की नव्हती, हे तिला आठवत नव्हतं. सदतीस वर्षांत एकदाही आठवलं नाही.

त्या वाढदिवसानंतर दादाच्या चाचण्या बिघडत गेल्या. घड्याळात त्याने सगळे आकडे एकाच बाजूला काढले. ती सगळ्यांना सांगत सुटली, की सोंग आहे. जाणूनबुजून बोलला आणि आता आजाराच्या आड लपतोय. अंथरुणाला खिळला तेव्हा भाच्याने फोन केला. ती म्हणाली, "रोग असता तर मी आले असते. खुन्नस बघायला मी येत नाही." तो गेला, तेव्हाही गेली नाही.

वहिनीचा फोन आला तो तेराव्या दिवशी.

"रिपोर्ट घरी येतो म्हणे, सहा-सात महिन्यांनी."

"येतो."

"आला की सगळ्या गोतावळ्याला बोलावीन. मोठ्याने वाचीन. तेव्हा तुमचं तोंड बघायचंय मला."

"वाच. मी चष्मा पुसून येते."

तीन महिन्यांनी तिच्या टेबलावर एक नवा आकडा आला. पुरुष, अठ्ठ्याहत्तर, मृत्यूची तारीख. तिने तारीख दोनदा वाचली. भिंतीवरच्या नियमाकडे पाठ करून बसली आणि पहिला ब्लॉक बर्फावर ठेवला.

तिला एवढंच हवं होतं, की मेंदू स्वच्छ निघावा. स्वच्छ निघाला तर ती पाच वर्षं बरोबर होती. नाही निघाला तर ती एका आजारी माणसाशी भांडली होती आणि त्याला एकट्याला मरू दिलं होतं.

पहिले सात ब्लॉक कापून, रंगवून झाले. रंग नीट चढलाय का हे बघायला टेक्निशियनला सूक्ष्मदर्शकात डोकावावं लागतं. ती डोकावली, आणि डोळा काढायलाच तयार होईना. रोग असला की तपकिरी डाग दिसतात. इथे तुरळक होते. त्या वयात कुणाच्याही मेंदूत असतात तेवढेच. तिने सातही स्लाइड पुन्हा पाहिल्या. मग बाहेर जिन्यात जाऊन वहिनीला फोन लावला.

"तुझ्या नवऱ्याचं डोकं लख्ख आहे. आरशासारखं. बोलाव तुझा गोतावळा."

पलीकडून वहिनी म्हणाली, "तुम्ही कापलंत त्यांना?" आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून तिचा हात बिघडला. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या पोटात, बदामाएवढा एक भाग असतो. भीती आणि राग तिथे वस्तीला असतात म्हणतात. त्याचा ब्लॉक मुळातच लहान. तिने तो कापायच्या यंत्रावर लावला आणि काप तुटायला लागले. एक चिरला, एक गुंडाळला, एक पाण्यावर विरघळल्यासारखा पसरला. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिने पाती बदलली, स्वतःला शिव्या दिल्या, पुन्हा कापत राहिली. सहा काप धड मिळाले तेव्हा ब्लॉकमध्ये नुसतं मेण उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सहा काप रंगवायला घेतले. पहिलं द्रावण घातलं, तासाभराचं घड्याळ लावलं, तास भरत आला तोच डॉक्टरांनी बोलावलं. ते वयाने तिच्यापेक्षा लहान होते. टेबलावर वहिनीच्या अक्षरातला तक्रारीचा अर्ज होता.

"बाई, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"किती ब्लॉक पाहिलेत?"

"सात."

"असतात किती?"

"अठरा."

"अठरापैकी सात पाहून घरी निकाल कळवलात? एकतीस वर्षं इथे केलंत काय?"

"कापले. तुमच्या आधीच्या दोघांसाठीही कापले."

"मग तेवढंच करायचं होतं!" त्यांनी अर्ज आपटला. "या वयात एकच रोग शोधून भागत नाही, हे शिकाऊ पोरांनाही माहीत आहे. एकाच मेंदूत तीन-तीन निघतात. कुणाच्या स्लाइड डागांनी भरलेल्या, आणि माणूस शेवटपर्यंत शब्दकोडी सोडवत असतो. कुणाच्या स्वच्छ दिसतात, आणि वेगळ्याच प्रथिनाची घाण त्या बदामाएवढ्या भागात दडून बसलेली असते. तो रंगवलात?"

"चालू आहे. ब्लॉक संपला. सहाच काप आहेत."

"संपला म्हणजे?"

"काप तुटत गेले."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे पुन्हा कापायची सोय नाही. तेवढ्या सहा स्लाइड पुऱ्या करा. बाकी सगळं उद्यापासून दुसरी बघेल. टेबल मोकळं करा."

दाराबाहेर बाकावर वहिनी बसली होती. अर्जावर सही करायला आली होती. पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

"समाधान झालं?" चालता चालताच तिने वहिनीला विचारलं.

"थांबा, वन्सं. एक सांगायचंय. आज नाही सांगितलं तर मी जळून मरेन."

"सांग. तुझंच तोंड राहिलंय सुटायचं."

"वाढदिवसाला ते पहिल्यांदा बोलले असं वाटतं तुम्हाला? सासूबाई गेल्या त्या वर्षापासून ऐकत होते. गोळी, ती दुपार, तुमचा अभ्यास. चांगले नकाशे काढत होते, एका रेषेची चूक नव्हती, तेव्हाही म्हणत होते. फक्त दार लावून. मीच म्हणायचे, तिच्या कानावर घालू नका, लहान होती ती." वहिनीचा आवाज फाटला. "रोगाने एवढंच केलं, की दार लावायचं विसरले."

"खोटं बोलतेस."

"मी? तुमच्यासाठी? कशाला तेवढे कष्ट घेऊ? मी म्हणाले डोकं ठिकाणावर नाही, म्हणून चारचौघांत तुमची अब्रू राहिली. आणि तुम्ही पाच वर्षं गावभर ओरडत होतात, की ते शुद्धीत होते म्हणून. होते ना शुद्धीत? घ्या मग."

तिने वहिनीकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं, आणि कापायच्या खोलीत गेली.

सहा स्लाइड ओल्या डब्यात आडव्या होत्या. प्रत्येकीवर द्रावणाचा एक थेंब. घड्याळात चार मिनिटं उरली होती. यानंतर धुणं, मग दुसरं द्रावण अर्धा तास, मग रंग. रंग दहा मिनिटांत चढतो. तपकिरी झालं तर रोग, नाही झालं तर नाही. दादा ते का म्हणाला, हे त्यात कुठेच उमटणार नव्हतं.

घड्याळ वाजलं. तिने ते बंद केलं.

डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं, म्हणजे हवा लागेल आणि थेंब वाळतील. मग एप्रन काढला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही आली नाही. राजीनामा टपालाने आला.

संध्याकाळी दुसऱ्या टेक्निशियनला स्लाइड सापडल्या तेव्हा द्रावण वाळून त्यांवर पांढरी खपली धरली होती. त्या आता कशाच्याच उपयोगाच्या नव्हत्या. शेजारी कामाचा तक्ता होता. ‘पहिले द्रावण’समोर वेळ लिहिलेली होती, एक वाजून दहा मिनिटं. ‘धुणे’ हा रकाना कोरा होता, आणि त्याच्या खालचे दोन्हीही.