एका कान्याचं पाप

पोट पडणं आणि पोट पाडणं यांत लिहायला एका कान्याचा फरक. बोलताना तर तो गिळूनही टाकता येतो. मी गिळला.

माझं माहेर तलासरीचं, सासर डहाणूच्या किनाऱ्यावरचं. नवरा बोटीवर जातो, सासूबाई बोंबील वाळवून बाजारात विकतात. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती, मुलगा अजून अंगावर पीत होता, आणि मला पुन्हा दिवस गेले. तिसरं नको, हे आम्हा दोघांचं एका बोलण्यात ठरलं. कासाला एका डॉक्टरबाईंकडे जाऊन मी गर्भपात करून घेतला आणि घरी येऊन म्हटलं, "आई, पडलं."

खरं सांगायची सोयच नव्हती. सासूबाई देवळातून प्रवचन ऐकून आल्या की ओट्यावर बसून शेजारणींना ते पुन्हा ऐकवत, आणि गर्भ पाडणारीचा भाग तर अगदी रंगवून. त्या पापाला माफी नाही, तिच्या हातचा नारळ देवीसुद्धा घेत नाही. मी आत भांडी घासत मनात म्हणायची, त्या महाराजांना एकदा बाळंत करा रे कुणीतरी. तेव्हा मला फार अक्कल होती.

"पडलं" म्हटल्यावर त्यांनी मला पोटाशी धरलं. डोक्याला तेल लावलं, गरम पेज पाजली, कशाला हात लावू दिला नाही. मीही निर्लज्जासारखं सगळं करून घेतलं. त्याच आठवड्यात त्यांनी बोंबील खाणं बंद केलं. भाजलेल्या सुक्या बोंबलाशिवाय ज्यांच्या घशाखाली भाकर उतरत नसे, त्यांनी! विचारलं तर म्हणाल्या, "देवीला सोडला." आमच्याकडे माणसं देवासाठी आवडीचं काहीतरी सोडतात. मला वाटलं, गुडघे दुखतात म्हणून सोडला असेल. मी पुन्हा विचारलं नाही.

या गोष्टीला पाच-सहा वर्षं झाली. यंदा चैत्रात त्यांच्याबरोबर देवीला गेले. सासूबाई देवाशीही बाजारातल्यासारख्या मोठ्यानं बोलतात. उंबऱ्यावर डोकं टेकून म्हणाल्या, "माय, बोंबलाची पाटी सुनेला मीच उचलाया लावली. पोर माझ्यापायी पडलं. बोंबील सोडला, आणखी काय सोडू सांग. पण मना माफ कर."

मी मागे नारळ धरून उभी होते. कासाला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी सांगितलं म्हणून मी पाटी उचलली होती खरी, पण मला त्याची आठवणही नव्हती. गर्भपाताबद्दल देवी मला काय म्हणेल, याची भीती मला कधी वाटली नाही, आजही वाटत नाही. पण माझं खोटं ही बाई इतकी वर्षं पाप म्हणून वाहत होती. शरमेनं माझे कान तापले. नारळ मी शेजारच्या बाईच्या हाती दिला आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी किनाऱ्यावर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळवायला दोरीवर टाकत होतो. मी मान खाली घालून म्हटलं, "आई, तुमचा काही दोष नाही. मी पाडलं."

त्यांचे हात थांबले. मग त्यांनी ओल्या हातानंच माझी हनुवटी वर केली. "माझं मन हलकं करायला सोतावर घेतंस काय, गो? पाडतात त्या चिंचा. पोर पडतं."

कासा, डॉक्टरबाई, सगळं जिभेवर तयार होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझ्या चांगुलपणाचं. मी म्हटलं, "हो आई."

दुपारी त्यांनी ओल्या बोंबलाचं कालवण केलं. सगळ्यांत मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला आणि स्वतः डाळभात कालवायला बसल्या. मी तो तुकडा खाल्ला.