घड्याळात गेलेले सेल

आमच्या नातेवाइकांत एक किस्सा प्रसिद्ध आहे आणि तो सगळ्यांत चांगला मी सांगतो, असं सगळेच म्हणतात. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, वायरलेस आणि 'चहा चाललाय'. लग्नात जेवणं आटोपली, पानं आली, की कुणीतरी म्हणतंच — अरे, तो चहाचा सांग ना. मग मी उठतो, हातात पानाचा डबा सेटसारखा धरतो, मान ताठ करतो आणि सुरू करतो. लोक हसून हसून बेजार होतात.

तो किस्सा खोटा आहे. म्हणजे त्यातली माणसं खरी, जागा खरी, चहासुद्धा खरा. पण मधला एक तुकडा मी काढून ठेवला आहे, आणि तो आजवर कुणालाही दाखवलेला नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर त्या वेळी अप्पांच्या शेजारी उभी होती. मग तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही. तुम्ही त्या लग्नाला नव्हता, एवढं कारण पुरेसं असेल कदाचित.

आधी सेटबद्दल बोलू द्या. तिथे मी थोडी बढाई मारणार आहे, आणि ती तरी खरी आहे.

माझ्या मेहुण्याने अमेरिकेहून येताना वॉकीटॉकीची जोडी आणली होती. तिकडे म्हणे कुटुंबं सहलीला जाताना असले सेट घेऊन जातात. मोबाइल तेव्हा बडोद्यात आले होते, पण ते ज्यांच्या कमरेला होते ते लोक आमच्याकडे यायचे नाहीत. आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. अशा दिवसांत तरसालीच्या आमच्या दोन खोल्या आणि गच्चीच्या घरात दोन वायरलेस! या गोष्टीला सरकारी परवाना लागतो का, हे आम्ही विचारलं नाही. विचारलं की लागतो.

ते दोन्ही सेट आजही चालतात. ही माझी करामत म्हणून सांगतो, पण शिकवण अप्पांची. काम झालं की सेल काढायचे, आत ठेवून विसरायचं नाही, नाहीतर ते पाझरतात आणि आतल्या पत्र्या खातात. पत्र्या खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या. अँटेना धरून सेट उचलायचा नाही, मांजराला कुणी शेपटीने उचलतं का? लहरीपुऱ्याच्या बाजारातून अप्पांनी दोन्ही सेटना रेक्झिनच्या पिशव्या शिवून आणल्या होत्या, आत फलालीन. शिवणाऱ्याने विचारलं होतं, "काका, आ शुं छे? कॅमेरो?" अप्पा म्हणाले, "खात्याचं काम आहे."

कुठलं खातं? अप्पा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पण आमचे पणजोबा संस्थानात कुणीतरी होते — नक्की कोण, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं, आणि दर पिढीला त्यांना बढती मिळते. घरात त्यांची एक पगडी आहे आणि एक म्यान आहे. तलवार नाही. मी लहानपणापासून त्या म्यानाकडे बघून आमचं घराणं समजून घेतलं आहे.

तर, सेट. बटण दाबून धरायचं, बोलायचं, 'ओव्हर' म्हणायचं, सोडायचं. दुसऱ्या बाजूने कुणी बोललं की सेटच्या डोक्यावर बारीकसा हिरवा दिवा लागतो. त्याचं बोलणं थांबलं की विझतो. अप्पांनी स्वतःला 'एक नंबर' केलं आणि मला 'दोन नंबर'. इन्कमटॅक्सवाल्यांनी ऐकलं तर काय म्हणतील, असं मी विचारलं. ते हसले नाहीत. ते गच्चीवरून मला खालच्या अंगणात हुकूम सोडायचे. "दोन नंबर, मोटर बंद करा. ओव्हर." ऐकताना ते सेट तोंडासमोर हातभर अंतरावर धरून त्याच्याकडे टक लावून बघत, आरशात बघावं तसं. मला वाटे, ही पोज आहे. मग तो कानाला लावत आणि म्हणत, "परत सांगा. ओव्हर."

परत सांगा. हे ते फार म्हणत. आणि इथे मला काहीतरी कळलं होतं, जे घरात दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं. अप्पांना ऐकू येत नव्हतं. टेलिफोन वाजला की ते रिसीव्हर आईच्या हातात द्यायचे, "तुझ्याच माहेरचा असणार" म्हणून. पंगतीत समोरचा हसला की हसायचे. पण वायरलेसवर 'परत सांगा' म्हणणं हे बहिरेपण नव्हतं, ती रीत होती. त्या खोक्याने त्यांना अब्रू मिळवून दिली होती. म्हणून तर ते त्याला एवढं जपत होते. हे मला कळलं होतं — आणि मी ते कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी स्वतःला फार भला माणूस समजत होतो. पुढचं ऐकून ठरवा.

सुधाकाकांच्या मुलीचं, नंदाचं लग्न. सुधाकाका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. कार्यालय प्रतापनगरला, रेल्वे वसाहतीच्या अलीकडे. वऱ्हाड नाशिकचं, त्यांचा जानवसा दोन गल्ल्या पलीकडच्या एका बंगल्यात. तिथे फोन नव्हता. वरपक्ष निघाला की कार्यालयात कळायला हवं — दारात बँड उभा हवा, काकूंच्या हातात ओवाळायचं तबक पेटलेलं हवं, काकांच्या डोक्यावर फेटा हवा. आपल्याकडे मुलीची बाजू कशावरून मोजतात, हे तुम्हाला माहीत आहे. मुलाची आई दारात एकटी उभी राहिली, तर ती पुढची तीस वर्षं तिथेच उभी असते.

काका म्हणत होते, एक माणूस सायकलवर ठेवू. अप्पांनी पिशवीतून सेट काढला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "दादा, याच्या भरवशावर? हा स्वतःच्या मुंजीत झोपला होता." अप्पा म्हणाले, "तिकडे माझा मुलगा असेल. तू फेट्याचं बघ." एवढंच. चार माणसांदेखत.

हे वाक्य मी किस्स्यात कधी सांगत नाही.

सकाळी मी जानवशाला. मुलाकडची मंडळी सुशिक्षित, शांत. मला चहा दिला, सेटबद्दल कौतुकाने विचारलं. मी पस्तिशीचा माणूस, बऱ्यापैकी नोकरी, चष्मा वगैरे. मी त्यांना समजावून सांगत होतो, आणि तेवढ्यात हातातला सेट भर दिवाणखान्यात गरजला, "दोन नंबर, दोन नंबर. शर्ट खोचला आहेस का? ओव्हर."

मुलाचे मामा हसले. मग सगळे हसले. नवरदेवसुद्धा, मुंडावळ्या सावरत. कुणीतरी म्हणालं, "खोचलाय, ओव्हर!"

आता काय सांगू? त्यात एवढं काय होतं? काही नव्हतं. शर्ट खरंच बाहेर आला होता. पण माझे कान तापले आणि डोक्यात एक विचार आला, फार स्वच्छ, फार थंड विचार. ते निघाले की मी कळवणारच नाही. पाच मिनिटांनी अप्पा विचारतील, सगळ्यांसमोर, एक नंबरच्या थाटात. उत्तर येणार नाही. ते सेट कानाला लावून 'परत सांगा, परत सांगा' करत राहतील, आणि मग जमलेल्या सगळ्यांना कळेल की म्यानात काय आहे.

वऱ्हाड उठलं. नवरदेव गाडीत बसला. मी सेटवरचं बटण फिरवलं. टिक्. एवढा लहान आवाज आहे त्याचा. सेट खिशात घातला आणि त्यांच्याबरोबर चालू लागलो.

कार्यालयात काय झालं, ते बायकोने सांगितलं. अप्पा पायरीवर उभे होते. काकांनी विचारलं, "निघाले का?" अप्पांनी बटण दाबलं, "दोन नंबर, वऱ्हाड निघालं का? ओव्हर." सेट समोर धरून बघत राहिले. पुन्हा विचारलं. पुन्हा बघत राहिले. काका म्हणाले, "काय दादा? झोपला का तुझा दोन नंबर?" तेव्हा अप्पांनी सेट कानाला लावला, मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणतोय, अजून चहा चाललाय. पंधरा मिनिटं लागतील."

काका फेटा बांधायचा सोडून आचाऱ्याशी भांडायला गेले. बँडवाले मांडवामागे गाठिया खायला बसले. आणि आम्ही येऊन पोचलो.

"जान आवी गई!" — वरात आली — असं ओरडत एक बँडवाला क्लॅरिनेट शोधत धावला. वरात दारात, आणि दारात कुणी नाही. मुलाची आई उन्हात, पदर डोक्यावर धरून. काका आतून आले ते अर्धा फेटा गळ्यात घेऊन, काकूंच्या तबकात काडी पेटेना. इथपर्यंत किस्सा मी छान सांगतो. क्लॅरिनेटवाल्याची नक्कल तर बघण्यासारखी आहे. काका गरजले, "पंधरा मिनिटं कोण म्हणालं?" आणि तिथे मी अप्पांचा आवाज काढतो — "परत सांगा, ओव्हर!" — आणि लोक टाळ्या देतात.

अप्पा असं म्हणाले नव्हते.

अप्पा पायऱ्या उतरून खाली आले. मी समोर होतो, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग मुलाच्या वडिलांपुढे हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. माझ्या मुलाने वेळेवर कळवलं होतं. मला ऐकू कमी येतं. बरीच वर्षं झाली." कुठेही आवाज चढवला नाही, पाडला नाही. नेहमीचा थाट त्यात औषधालाही नव्हता. मुलाचे वडील त्यांचे हात धरून म्हणाले, "अहो, असं काय?" — आणि प्रकरण मिटलं.

काका मोठ्याने म्हणाले, "दादा, अरे मग आधी नाही का सांगायचं!" त्या दिवसापासून सगळेच त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागले.

मी तिथेच उभा होतो. खिशात सेट. बंद.

बोलायला किती लागलं असतं? तीन शब्द. मी अक्षता घ्यायला पुढे झालो.

संध्याकाळी घरी आल्यावर अप्पा नेहमीसारखे टेबलाशी बसले. स्वतःचा सेट पुसला, सेल काढले, खोडरबर फिरवला. मग माझ्या सेटसाठी हात पुढे केला. मी दिला. मागचं झाकण उघडता उघडता, वर न बघता म्हणाले, "तुझा हिरवा दिवा लागलाच नाही."

तेव्हा मला समजलं. ती पोज नव्हती. कानाला ऐकू येत नव्हतं ते अप्पा डोळ्यांनी ओळखत होते. पायरीवर उभं असताना त्यांना पक्कं माहीत होतं की पलीकडून मी काहीच बोललेलो नाही. तरी त्यांनी सेट कानाला लावला होता. माझ्या वतीने उत्तर दिलं होतं — काकांसमोर माझी शोभा होऊ नये म्हणून. आणि ते उत्तर अंगाशी आलं, तेव्हा इतकी वर्षं झाकून ठेवलेली एकमेव गोष्ट भर मांडवात उघडी करून टाकली होती.

"सेल संपले असतील," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो. "संपले होते."

आमच्या घरी सेटचे उतरलेले सेल फेकत नसत. सेटला पुरेना झाला तरी एखादा सेल भिंतीवरच्या घड्याळाला चार-दोन महिने पुरतो, त्याला ताकद कमी लागते. अप्पांनी माझ्या सेटमधले चारही सेल काढून खणात ठेवले आणि घड्याळातला सेल संपला तेव्हा त्यांतला एक, स्टुलावर चढून, स्वतःच्या हाताने घड्याळात घातला.

घड्याळ चालत राहिलं. दिवाळी गेली, उन्हाळा गेला. अप्पा त्याच्याखालीच बसून पेपर वाचत. पुढची दिवाळी आली. एका सकाळी त्यांनी चष्म्यावरून वर घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "चांगले निघाले रे तुझे सेल." आणि पान उलटलं.

पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मी त्यांच्यासमोर तो किस्सा सांगायचो, नकलेसकट. तेही हसायचे, समोरचा हसला की हसायचे तसे. ऐकू येत नव्हतं म्हणून, असं मी स्वतःला सांगत असे. मी तेव्हा त्यांच्याकडे तोंड करूनच उभा असायचो, आणि त्यांचे डोळे उत्तम होते.

या माणसाचा मला फार अभिमान आहे. पगडीचा नाही, म्यानाचाही नाही. तो मी चारचौघांत कधी सांगितला नाही, कारण तो सांगायचा तर किस्सा पूर्ण सांगावा लागतो.

अप्पा गेले तेव्हा घड्याळात तिसरा सेल होता. तो संपल्यावर चौथा मी घातला, त्याच स्टुलावर चढून. तोही चांगला निघाला. सेट मी बंद केला होता.