टिटवीच्या मागे मागे

बाबा फौजेत होते तेव्हा त्यांचं काम लपवालपवीचं. खऱ्या तोफा जाळीखाली झाकायच्या आणि लांब कुठेतरी लाकडाच्या खोट्या तोफा मांडायच्या. "खोटी तोफ उघड्यावर ठेवली तर कोण फसणार?" ते मला सांगत. "तीपण झाकायची. फक्त जरा वाईट झाकायची. आपणच शोधून काढली, असं शत्रूला वाटलं पाहिजे."

असा हा पट्टीचा माणूस गेल्या उन्हाळ्यात एका टिटवीकडून फसला. निडी गावातल्या आमच्या शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा होता, म्हणजे पेरणीआधी त्या जागेवर डहाळ्या-पाचोळा पसरून जाळायचा. बाबा डोक्यावर डहाळ्यांचा भारा घेऊन निघाले, तर समोर टिटवी पंख मोडल्यासारखी फरफटत चाललेली. भारा टाकून ते तिला उचलायला पार बांधापर्यंत गेले आणि ती भुर्रकन उडाली. मी मागे उभी होते. माझ्या पायापाशीच, ढेकळांत, ढेकळांच्याच रंगाची अंडी होती. शेरास सव्वाशेर भेटली म्हणून बाबा इतके खूश झाले की त्यांनी राबाची जागाच बदलली.

खरं तर भारा उचलायचीच त्यांना बंदी होती. छातीत दुखून गेल्यावर रोह्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उन्हातली कामं बंद. पण बाबा कुणाचं ऐकतील तर शपथ. आई आणि मी जीव मुठीत धरून त्यांची वाट बघत बसायचो.

मग आईचा गुडघा दुखायला लागला. तक्रार तिने एकदाही केली नाही. आत बसून हळूच तेल चोळायची, दार मात्र अर्धं उघडं ठेवून. बाबांनी विचारलं की म्हणायची, "काय नाय झालंय, तुम्ही जावा शेतावर." बाबा कुठले जातात? भाऱ्यांना त्यांनी गडी लावला आणि घरात बसून भाजी निवडायला लागले.

एकदा मी कंपनीतून लवकर सुटले, घरी आले तर बाबा दुकानावर गेलेले आणि आई अंगणभर कोंबडीमागे धावत होती. मला बघून थांबली. "बाबांना बोलू नको," एवढंच म्हणाली. मला हसू आलं आणि भरूनही आलं. फौजी नवऱ्याच्या गोष्टी तिने नुसत्या ऐकल्या नव्हत्या.

त्याच संध्याकाळी बाबांबरोबर भाजलेला राब बघायला गेले. टिटवी पुन्हा फरफटत आली. अंडी कुठे आहेत हे ठाऊक असूनही बाबा वाट सोडून तिच्या मागे चालू लागले.

"आता कशाला?" मी विचारलं.

"नाय गेलो तर तिचा जीव घाबरा होईल." थोडं चालल्यावर म्हणाले, "तुझी आई काल डाव्या पायानं लंगडत होती. आज उजव्यानं."

मला अंगणातली कोंबडी आठवली.

"तिला काय बोलू नको," ते म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा आई गुडघ्यावर हात टेकून चुलीपाशी उठत होती. बाबांनी दारात चप्पल काढता काढताच म्हटलं, "बस गो. चहा मी ठेवतो."