सगळ्यांना विचारणारे साडू

दुसऱ्याचं मत ऐकायची इतकी दांडगी हौस असलेला माणूस आमच्या थोरल्या साडूंखेरीज अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. आमच्याकडे लोकांना मत द्यायची हौस असते, ऐकायची नसते. मी स्वतः राजापेठेत शिकवणी घेतो, तेव्हा हे अनुभवानं सांगतो. साडूंचं सगळंच उलटं. ते रिक्षावाल्याला कुठं जायचं ते सांगत नसत. आधी त्याला विचारत, "तुमाले काय वाटते, कोन्या रस्त्यानं जावं?" आणि तो बिचारा जे सांगेल त्यावर मागून येणाऱ्या रिक्षावाल्याचं मत घेत. मुलीच्या बारशाला त्यांनी नाव ठरवायला घरमालक, दूधवाला, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि समोरची इस्त्रीवाली अशी बैठक बसवली. एकमत होईना, म्हणून ती मुलगी शाळेत नाव घालेपर्यंत नुसती 'बेबी' राहिली.

बाजारात तुरी असं आपण म्हणतो, साडूंच्या मात्र खिशात तुरी असत. हे दाणे मतदानासाठी. चार माणसं जमली की जमिनीवर खडूनं वर्तुळं काढायची आणि ज्याला जे पटेल त्यानं त्या वर्तुळात दाणे टाकायचे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वांग्याची भाजी आणि बुंदी यांवर असं मत घेतलं. आचाऱ्यानं पाच बोटांत मावतील तितके दाणे स्वतःच्याच बुंदीच्या वर्तुळात टाकले, तर साडू शांतपणे म्हणाले, "त्याचाबी हक हाये. त्यानं केली ना."

हा सगळा नाद त्यांना नोकरीनं लावला, की नादामुळे नोकरी मिळाली, हे आम्हाला कधी कळलं नाही. ते अकोल्यात शेतीचं काम करणाऱ्या एका संस्थेत होते. गावोगावची शेती पुढच्या पिढीपर्यंत टिकेल की नाही, हे पाहायचं त्यांचं काम. वर्षं वाईट होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांमुळे पेपर उघडायची भीती वाटायची. वरचे साहेब म्हणत, मातीचे नमुने आणा, विहिरींची पातळी मोजा, झालं. साडू ते सगळं करत, पण शिवाय म्हणत, "शेती काय नुसती मातीत असते? पेरणारा, निंदणारी, बियाणं इकणारा, मेंढ्या चारणारा, साऱ्यायले एका सतरंजीवर बसवा अन् विचारा." आणि बसायचं ते गोलच. कोपरा आला की त्या कोपऱ्यात साहेब येऊन बसतो, असा त्यांचा सिद्धांत होता.

एकदा सुट्टी होती म्हणून मी त्यांच्याबरोबर मूर्तिजापूरकडच्या एका गावी गेलो. त्या साली सोयाबीन उगवलंच नव्हतं, लोकांनी दुसऱ्यांदा पेरलं होतं. समाजमंदिरात सतरंजी पडली. माती, पाणी, बियाणं, भाव अशी वर्तुळं निघाली. सगळ्यात जास्त काळजी कशाची, तिथं दाणे टाकायचे होते. बघता बघता बियाण्याच्या वर्तुळात तुरीचा ढीग झाला. सुखदेवराव नावाचे एक शेतकरी त्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, "आता ज्यानं इकलं त्यालेच विचारा."

ज्यानं विकलं ते कादरभाई. गावातलं बियाण्या-खताचं एकुलतं दुकान त्यांचं. ते उठले आणि दाराकडे निघाले. बैठक मोडली असं मला वाटलं. तेवढ्यात साडू लगबगीनं त्यांच्या पुढं गेले आणि दाराशी काढलेल्या त्यांच्या चपलांवर फतकल मारून बसले.

"कादरभाई, जाचं तं जा. पण बाहेर ऊन लय हाये, पाय पोळतीन."

लोक हसले. कादरभाईंनाही हसू आवरेना. ते परत बसले. मग साडूंनी चपलांवरूनच हुकूम सोडला: सुखदेवरावांनी आता दुकानदार व्हायचं, आणि कादरभाईंनी शेतकरी.

सुखदेवरावांनी कादरभाईंसारखीच मान तिरकी केली. "बॅग का मी घरी शिवतो? वरून आली तशी देल्ली," ते अगदी त्यांच्याच सुरात म्हणाले. पुन्हा हशा झाला. पण ते वाक्य बोलल्यावर सुखदेवराव स्वतःच जरा विचारात पडले.

कादरभाईंची पाळी आली. ते खाली बघत बोलले. "सुबे वावरात गेलो. मातीत बोट घालून पाह्यलं. दाना सडेल होता. मंग दुकानात गेलो, तं कादरभाईनं मान वर नाई केली."

निंदणाऱ्या बायांमधल्या गोदाबाईंनी हळूच विचारलं, "काहून नाई केली?"

"त्याच्यापाशी सांगाले काई नोतं, बाई."

मग कादरभाई आपल्या खऱ्या आवाजात म्हणाले, की पुढच्या हंगामात प्रत्येक बॅगेतले मूठभर दाणे दुकानासमोर ओल्या पोत्यात ठेवू. उगवले तरच न्या.

"अन् पाहाले मी येतो," सुखदेवराव म्हणाले.

आणि पुढच्या पेरणीआधी तसं झालंही. पोतं उघडायच्या दिवशी दुकानासमोर जत्रा भरली. काही बॅगा परत गेल्या, बाकीच्या निर्धास्त पेरल्या गेल्या. गोदाबाई तर मोड आलेले दाणे हातात घेऊन, बाळाचे नवे दात बघावेत तसे बघत होत्या. साडूंच्या साहेबांना हे काही पसंत पडलं नाही. चपलांवर बसणं हे कोणत्या निकषात मांडायचं, असं त्यांनी विचारलं म्हणे. साडूंनी त्यांचंही मत विचारून घेतलं.

आता साडू निवृत्त झालेत. गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. मागच्या महिन्यात अकोल्याला गेलो होतो, तेव्हा ते फिरायला गेलेले असताना आमच्या मेहुणीबाई त्या वर्षांबद्दल बोलल्या. "गावाकडून वंगाळ खबर आली का हे जेवत नव्हते. सकाळी उठले का त्याच गावाले जाऊन बसत. साऱ्यायले विचारलं यायनं, पन यायले कोनी विचारलं नाई."

ते आल्यावर मी विचारलं. भाऊ, त्या वर्षांत तुम्हाला काय वाटायचं?

त्यांना या प्रश्नाची सवय नव्हती. टोपी काढली, परत घातली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भेव लागे. लोकाईत बसलो का कमी लागे."

मी खुर्ची त्यांच्या जवळ ओढून घेतली, आणि संध्याकाळ होईस्तोवर आम्ही तसेच बसून राहिलो.