दातांनी ऐकणारे काका

ते दातांनी ऐकत. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे. मिनिटभराने मूठ तोंडातून काढून, रुमालाने पुसून ते निकाल सांगत. "तिसरं बेअरिंग. गेलेलं नाही, पण निघायच्या तयारीत आहे."

असा माणूस भेटला की तुम्ही-आम्ही काय करतो? दोन पावलं मागे सरतो आणि आदराने बघत राहतो. मीही तेच केलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गुडगावात सेक्टर पडत होते, बंगल्यांच्या मधल्या रिकाम्या प्लॉटांत अजून सरसों फुलायची आणि रस्ते उकरून ठेवलेले असायचे. आम्ही दोघं एकाच गिअरबॉक्सच्या कारखान्यात. मी नकाशे काढायचो, ते लाइनच्या शेवटी 'ऐकण्याच्या खोलीत' असायचे. तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स त्यांच्यासमोर फिरायचा आणि त्यांनी मान हलवली तरच बाहेर पडायचा. सगळा कारखाना त्यांना 'उस्ताद' म्हणे. मी मात्र त्यांच्या घरावरच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या एकुलत्या खोलीत, भाड्याने राहत होतो, म्हणून मला ते काका आणि त्यांची बायको काकू.

काकू सरकारी इस्पितळात नर्स होत्या. त्यासाठी दोघांनी वीस वर्षं दिल्लीत हिंदूराव इस्पितळाच्या बाजूला दोन खोल्यांत काढली आणि मग इथे घर बांधलं. घराला दिवाणखाना लहान आणि पोर्च मोठा. पाहुणे कुठे बसतील, असं काकूंनी विचारलं तेव्हा पाहुणे येऊन जातात, गाडी आली की महिनाभर राहते, असं उत्तर मिळालं होतं.

तर एका हिवाळ्यात त्या पोर्चमध्ये एक लाल, दोन दारांची जपानी गाडी आली. दोराला बांधून, ट्रॅक्टरच्या मागे. मालक जवळच्या गावातला, पंचविशीतला. बापाची जमीन कॉलनीवाल्यांनी घेतली होती आणि पोराने कुठल्याशा एम्बसीच्या लिलावात ही गाडी उचलली होती. गाडीला टर्बो होता. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जादा हवा कोंबतो आणि गाडी सुसाट सुटते. पोराने ती इतकी सुसाट सोडली की एका पिस्टनला रुपयाएवढं भोक पडलं. दिल्लीतल्या तीन मिस्त्रींनी हात जोडले होते. काकांनी बॉनेट उघडलं, वास घेतला आणि होळीच्या आत चालू करून देतो म्हणाले.

पुढचे तीन महिने काकूंच्या स्वयंपाकघरावर संक्रांत आली. इंजिनाचा तुकडा न् तुकडा सुटा होऊन जुन्या चादरीवर मांडला गेला. बोल्ट मिसळू नयेत म्हणून मिसळणाचा डबा पोर्चमध्ये गेला आणि आम्ही बिनमोहरीची फोडणी खाऊ लागलो. व्हॉल्व्ह पेस्ट लावून हाताने घासायचे, रिंगांच्या फटी मापायच्या, तेलाच्या नळीतला जळका गाळ सायकलच्या तारेने काढायचा, हे सगळं ते पूजेला बसल्यासारखं सोवळ्यात करायचे. मला हात लावू देत नसत. मी पायरीवर बसून गप्पा मारायचो आणि उत्तर मिळालं नाही की कामात गढलेत असं समजायचो.

खरं काय ते मला कुकरने सांगितलं. एकदा काकू बाजारात गेल्या होत्या. मी वरून खाली आलो तर स्वयंपाकघरात कुकर बारावी की तेरावी शिट्टी देत होता आणि काका त्याला पाठ करून, चार हातांवर, शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. मी गॅस बंद केला. त्यांनी वर बघितलं आणि डाळ करपलीच आहे तर बस, म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी सगळं कबूल केलं, आणि तेही खुशीत. वीस वर्षं प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात, काढल्यावर कान गेले होते. जाड आवाज यायचे, बारीक आवाज अजिबात नाही. गिअरबॉक्सची घरघर दातांत कळायची, त्यामुळे तिथे फसवणूक नव्हती. त्यांनी पास केलेला एकही डबा कधी परत आला नाही. पण नव्या परदेशी भागीदारांनी दरवर्षी कानांची तपासणी सुरू केली होती. काचेपलीकडचा माणूस बटण दाबतो, आवाज आला की आपण बोट वर करायचं. त्या माणसाला बटण दाबताना भुवई उडवायची सवय होती. काका भुवई बघून बोट वर करायचे. दोन वर्षं उत्तम गुणांनी पास झाले. तिसऱ्या वर्षी त्याला शिंक आली तेव्हाही यांचं बोट वर होतं, तरी पास झाले. हे सांगताना ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसून म्हणाले, "हे कळलं तर मला त्या खोलीतून काढतील रे. आणि त्या खोलीबाहेर मी कोण?"

गाडीचा प्रश्न मात्र दातांनी सुटणारा नव्हता. टर्बोची हवा वाढवत नेली की एका क्षणी पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि आत टकटक सुरू होते, पत्र्यावर वाळू पडावी तशी बारीक. ती ऐकली की लगेच पाय काढायचा आणि हवेचा स्क्रू मागे फिरवायचा. नाही ऐकली तर पिस्टनला पुन्हा रुपयाएवढं भोक. आणि ही टकटक पळत्या गाडीतच होते, तिथे स्क्रू-ड्रायव्हर चावत बसता येत नाही.

यावर त्यांनी काय केलं असेल? इंजिनाला तांब्याची नळी जोडली, ती डाव्या सीटपर्यंत आणली, तिला रबरी नळी लावली आणि रबरी नळीला काकूंचा स्टेथोस्कोप. ज्या कानांनी पंचवीस वर्षं न जन्मलेल्या पोरांचे ठोके ऐकले, ते कान दर रविवारी सकाळी टर्बो ऐकू लागले. टकटक झाली की काकू त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायच्या. आजूबाजूच्या बायकांना वाटायचं, या वयात केवढी हौस, दर रविवारी बायकोला फिरवतो. काकू लाजल्याचं नाटक चांगलं करायच्या.

नवं इंजिन मुरवायला आधी पानिपतपर्यंत सावकाश जाऊन यायचं ठरलं, तेव्हा काकूंनी हरकत घेतली. मराठी माणसाने नव्या गाडीला पहिल्यांदा पानिपत दाखवावं का? काका म्हणाले, रस्ता सरळ आहे आणि आपण संध्याकाळी परत येणार आहोत. काकू म्हणाल्या, तेही परत यायचं ठरवूनच गेले होते. शेवटी मलाही मागे कोंबून नेलं. ती लाल गाडी ताशी चाळीसने चालली होती आणि उसाच्या ट्रॉल्या आम्हाला मागे टाकत होत्या.

होळीच्या आधीच्या रविवारी मानेसरच्या पुढे शेवटची चाचणी होती. आम्ही निघणार तोच मालक आला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. "आज मैं बैठूँगा, ताऊ. गाड्डी मेरी सै." काकांनी आपल्या बाजूची सीट पुढे ढकलली. काकू आणि मी मागच्या फळकुटावर गुडघे छातीशी घेऊन बसलो. नळी तिथपर्यंत पुरत नव्हती आणि स्टेथोस्कोप काकूंच्या पर्समध्ये होता.

मानेसर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, तरी गाडी साठच्या वर जाईना. पोरगा चुळबुळायला लागला. मी मनातल्या मनात पैज लावली होती की काका आता कोणती थाप मारतील, पेट्रोलात भेसळ की सैल प्लग. त्यांच्याकडे शंभर थापा तयार असायच्या. पण पोरगा म्हणाला, "ताऊ, तन्नै डर लागै सै तो हट, मैं खींच के देखूँ," आणि त्याने स्टिअरिंगकडे हात नेला.

काकांनी एका ढाब्यासमोर गाडी थांबवली.

"बेटा, मुझे सुनाई नहीं देता," ते म्हणाले. "इंजन की टकटक मुझे आती नहीं. मैं सिर्फ पाँव दबाता हूँ. सुनती ये है."

मी खाली मान घातली. त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यात बाहेर पडलं होतं आणि मला फार वाईट वाटलं. पोराने वळून काकूंकडे पाहिलं. त्यांनी पर्समधून स्टेथोस्कोप काढून दाखवला. तो खाली उतरला, सीट पुढे ढकलून धरली आणि म्हणाला, "आज्या, ताई," ताऊची बायको म्हणून ताई, "आगै बैठ."

पोरगा आणि मी ढाब्याच्या खाटेवर बसलो. लाल गाडी समोरून तीनदा गेली, दर वेळी जास्त वेगाने. पोरगा कान टवकारून बसला होता. त्याचे कान धडधाकट होते, तरी त्याला काही टकटक ऐकू आली नाही, म्हणून तो जरा खट्टू झाला. तिसऱ्या फेरीनंतर काकू उतरल्या, स्टेथोस्कोप गळ्यात टाकला आणि वॉर्डात सांगतात तशा आवाजात म्हणाल्या, "हो गया. अब कोई हात नहीं लगाएगा."

पोराने आठवड्याभरात सगळ्या गुडगावाला सांगितलं. बदनामी म्हणून नव्हे, अभिमानाने. माझी गाडी नर्सने बरी केली, असली गाडी दिल्लीत आणखी कोणाकडे आहे? बातमी कारखान्यात पोचायला वेळ लागला नाही. काकांना स्टोअरमध्ये पाठवलं. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या शेजारी बसले, डबा उघडलाच नाही आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या डब्यातली भाजी संपवून, स्टोअरकीपर कसा चहात बिस्किट बुडवून विसरतो, त्याची नक्कल करून दाखवली.

निवृत्तीनंतर दोघं नाशकाला लेकीकडे गेले. मी अजून इथेच आहे. दर दिवाळीला फोन होतो. काकू बोलतात आणि मग रिसीव्हर काकांच्या हातात देतात. आता त्यांना काहीच ऐकू येत नाही, पण फोन सोडत नाहीत. जावयाच्या चुगल्या सांगतात, दिल्लीत थंडी पडली का विचारतात, उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबतात आणि काहीही असलं तरी म्हणतात, "बरोबर आहे तुझं."

एका दिवाळीला मी त्या थांबण्यात म्हणालो, काका, तुम्ही एक नंबरचे थापाडे आहात. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. मी पोट धरून हसलो.

गेल्या दिवाळीला ते असेच थांबले. मग इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोलून टाकलं. म्हटलं, काका, तुम्ही गेल्यापासून इथे करमत नाही मला.

ते उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबले.

"बरोबर आहे तुझं."