रेघ मारून आत या

अख्ख्या नागपुरात कोणती वस्तू कधी बंद पडणार हे आधी सांगू शकणारा एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की तो मला सासुरवाडीकडून मिळाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडभाऊ. मौद्याकडे मोठमोठ्या यंत्रांच्या देखभालीत त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होऊन मनीषनगरात फ्लॅट घेतला तेव्हा यंत्रं तिकडेच राहिली, देखभाल तेवढी सोबत आली. त्यांच्याकडे जायचं तर बेल दाबावी लागते, आणि बेल दाबली की शेजारी सुतळीला बांधलेल्या पेन्सिलीनं कागदावर एक रेघ मारावी लागते. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दार काही उघडेना. आतून आवाज आला, "साडभाऊ, बेल तं वाजवली, रेघ कोण मारन?" मी रेघ मारली, तेव्हा कुठं कडी निघाली.

अशा पेन्सिली घरभर लटकलेल्या. मिक्सरला एक, इस्त्रीला एक, गॅसच्या लायटरला एक. कूलरला तर पेन्सिल आणि घड्याळ दोन्ही, कारण कूलर तासांवर मोजायचा. दर रविवारी नाश्ता झाला की साडभाऊ सगळे कागद गोळा करून लॅपटॉपसमोर बसतात आणि एक्सेलमध्ये भरतात. एका रांगेत एक वस्तू, पुढे तिचा एकूण वापर, त्यापुढे आजवर झालेल्या बिघाडांचा आकडा. मग आलेख. आडव्या रेघेवर वापर, उभ्या रेघेवर बिघाड. तिथं कोणी भाबडेपणानं "वस्तू घेतल्याला किती वर्षं झाली?" असं विचारलं की त्यांचा पारा चढतो. "तारीख फसवते गा! वस्तू दिवसानं नाई मरत, वापरानं मरते," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्याच्याही रेघा मारायला हव्या होत्या. भाच्याच्या लग्नात त्यांनी अहेर म्हणून इस्त्री दिली, तर सोबत कोरी वही आणि सुतळी लावलेली पेन्सिलही दिली. नवरी कितीतरी वेळ ती वही उलटून पाहत होती.

एका मे महिन्यात त्यांनी जाहीर केलं, की कूलरचा पंप या आठवड्यात जाणार. झालं! शनिवारी दुपारी आम्ही चौघं त्यांच्याकडे जेवायला बसलेलो, बाहेर पंचेचाळीसचं ऊन, आणि ताटात झणझणीत रस्सा. कूलरनं एक उचकी दिली आणि पाणी थांबलं. गरम वारा अंगावर यायला लागला. आम्ही घामानं निथळतोय आणि हे उष्ट्या हातानं नाचतायत, "बंद पडला! पाहा, बंद पडला!" ताई, म्हणजे माझ्या बायकोची बहीण, शांतपणे म्हणाली, "अवो, आनंद झाला असन तं नवीन पंप घेऊन या." पंप तर त्यांनी बुधवारीच आणून माळ्यावर ठेवला होता.

अशा माणसाच्या हातून घोटाळा व्हावा, तोही याच विद्येत, हे मला खरं वाटलं नसतं. त्यांच्या सोसायटीत दोन विंगा आहेत आणि प्रत्येक विंगेला पाणी चढवायचा वेगळा पंप. साडभाऊंच्या विंगेचा पंप चौकीदार भगवानजी चालवायचे. साठीच्या पुढचा, कमी बोलणारा माणूस. दोन वर्षांत त्यांचा पंप तीनदा जळला, शेजारच्या विंगेचा एकदाच. भगवानजी निष्काळजी आहेत, त्यांना काढा, अशी कुजबुज सुरू झाली. कमिटीनं साडभाऊंना दुरुस्तीच्या पावत्या दिल्या आणि आलेख मागितला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी आपणहून आलेख मागितलेला! साडभाऊ हुरळले. पावत्यांवर तारखा होत्या, त्यांनी त्या आडव्या रेघेवर बसवल्या आणि सभेत भिंतीवर चित्र झळकवलं. एका बाजूला तीन ठिपके, दुसऱ्या बाजूला एक. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि महिनाअखेर भगवानजींना निरोप द्यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडभाऊ तर्रीपोहे खात होते. ताईनं मसाला वाटला, मिक्सरच्या कागदावर रेघ मारली आणि म्हणाली, "रेघा मारून मारून माह्या बोटाले घट्टे पडले. त्या पंपाच्या रेघा कुठी हाय?"

चमचा हातातच राहिला. पंपाला पेन्सिल बांधायचीच राहिली होती. पोहे तसेच टाकून ते चार मजले उतरले आणि भगवानजींना विचारलं, पंप दिवसातून किती वेळा चालतो? भगवानजींनी पंपघराचं दार उघडलं. आतली भिंत जमिनीपासून डोक्यापर्यंत कोळशाच्या रेघांनी भरलेली. चार उभ्या, पाचवी आडवी. पंप जळला तिथं एक फुली. "तुमीच तं म्हनत होते साहेब, काही चालवलं का रेघ मारा. मले वही कोन देते? भित होती."

साडभाऊ उलट्या बादलीवर बसून दिवसभर रेघा मोजत राहिले. बागेचं आणि गाड्या धुण्याचं पाणीही याच पंपावर, म्हणून हा दिवसातून चारदा चालायचा; शेजारचा, तिथल्या चौकीदाराला विचारलं तर, एकदाच. वापरावर मांडलं तर भगवानजींचा पंप दोन बिघाडांच्या मधे शेजारच्यापेक्षा जास्तच चाललेला होता. साडभाऊंनी पुन्हा सभा बोलावली, नवा आलेख लावला आणि म्हणाले, "चूक पंपाची नाई, भगवानजीची नाई, माही हाय." आणि भरसभेत त्यांच्यापुढे हात जोडले. भगवानजी बिचारे अवघडून गेले. "असू द्या ना साहेब, बसा. चहा थंडा होऊन राहिला." त्यांची नोकरी राहिली.

पुढे एकदा साडभाऊंची शीट चाळताना मला तळाशी एक रांग दिसली. वस्तू: मी. वापर: एकोणसत्तर वर्षं. बिघाड: एक. मी म्हटलं, "काय साडभाऊ, एकच?" ते म्हणाले, "सापडलेला एकच."

गेल्या दिवाळीत भगवानजी थकून आपल्या गावी परत गेले. पंपाला आता टायमर आहे, रेघा मारायला कोणी लागत नाही. परवा मी गेलो तर साडभाऊ खाली पंपघरात होते. सगळी इमारत नव्या रंगात चकचकीत, पण ती भिंत त्यांनी रंगाऱ्याला शिवू दिली नव्हती. भगवानजींच्या शेवटच्या रेघेपुढे थोड्या वाकड्या, नवख्या हाताच्या रेघा सुरू झालेल्या. मला त्यांची टिंगल करायला फार आवडतं, पण तिथं मला या माणसाबद्दल फार माया वाटली. त्यांनी कोळसा माझ्या हातात दिला. "पंप चालू हाय ना? मंग मारा." मी रेघ मारली.