आत्याची कागदी गल्ली

आमची आत्या छापखान्यात पुस्तकबांधणी करायची. एकतीस वर्षं तेच काम. शाळेची पुस्तकं, कचेऱ्यांची रजिस्टरं, जे येईल त्याला शिवण, खळ आणि पुठ्ठा. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "दिवसभर दुसऱ्यांची पानं जुळवते, तेवढं पुरे."

वर्षाअखेरीला छापखाना चार दिवस बंद असायचा. पहिल्याच दिवशी सकाळी ती रंगीत कातरणांची पिशवी घेऊन आमच्याकडे हजर. जेवणाचं टेबल रिकामं व्हायचं आणि घडी घातलेली जाड कागदाची लांब पट्टी उलगडायची. ती आमची गल्ली. दरवर्षी सगळ्यांनी मिळून तिच्यावर एक घर चिकटवायचं, आणि घर त्या वर्षासारखं दिसलं पाहिजे हा आत्याचा नियम. ताईचा हात मोडला त्या वर्षीच्या घराची एक खिडकी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली होती. बाबांची नोकरी सुटली त्या वर्षी त्यांनी घराला दारच कापलं नाही. आत्यानं पाहिलं, म्हणाली, "राहू दे. कुणी येऊ नये असं वाटतं माणसाला कधी कधी."

अशी अकरा घरं झाली. बाराव्या वर्षी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, नळाचं पाणी गेलेलं होतं. बाबांनी नळ फिरवून पाहिला, तसाच उघडा ठेवला आणि आम्ही सगळे बाहेर पडलो. संध्याकाळी परतलो तर पाणी दाराखालून जिन्यात आलेलं. कपाटाचा खालचा खण डबडबला होता आणि गल्ली त्यातच होती.

सकाळी आत्या आली. गल्लीचा लगदा टेबलावर ठेवलेला. आई, ताई आणि मी टेबलाभोवती. बाबा खिडकीशी उभे.

"नळ मीच उघडा ठेवला," ते म्हणाले.

आत्यानं पट्टी दोन बोटांनी उचलून पाहिली. "लहानपणी माझं दप्तर विहिरीत टाकलं होतंस," ती म्हणाली. "त्यामानानं सुधारलास. जा, छापखान्यातून टीपकागद आण. चावी वॉचमनकडे असते, माझं नाव सांग."

बाबा जवळजवळ पळतच गेले.

मग मी तिचं काम पहिल्यांदा नीट पाहिलं. बिनधारेच्या सुरीनं ती एकेक घडी सोडवत होती. श्वास रोखून, जखमेवरची पट्टी काढावी तशी. प्रत्येक घडीत टीपकागद, वर फळी, फळीवर आमच्या घरातली सगळी जाड पुस्तकं. दर तासाला टीपकागद बदलायचा. जेवताना हातातला घास ताटात ठेवून ती उठली, पण कागद तासाच्या वर राहू दिला नाही. दिवसभरात एकदाही ती बाबांना टाकून बोलली नाही. उलट दर तासाला हाक तेवढी त्यांनाच मारायची, "चल, फळी उचल." संध्याकाळपर्यंत बाबांची मान वर आली होती.

दुसऱ्या दिवशी हिशेब लागला. पाच घरं वाचली, डागांसकट. सहा गेली.

"ती परत करायची," आत्या म्हणाली. "पण ज्याला जे वर्ष जड गेलं, त्यानं ते नाही. दुसऱ्याचं वर्ष करायचं."

ताई कुरकुरली, "दुसऱ्याचं कसं आठवणार?"

"घरात राहत होतीस ना तेव्हा?"

मग आठवणींवरून जी भांडणं जुंपली! पडदा हिरवा की निळा, मांजर त्या वर्षीचं की पुढच्या. बिनदाराचं घर आईच्या वाट्याला आलं. तिनं खूप वेळ काही कापलंच नाही. मग लाल कातरणाचं दार काढलं, अर्धवट उघडं, आणि उंबऱ्यात एक इवलीशी बाई.

"दार नव्हतं त्या घराला," मी म्हणालो.

"तुझ्या बाबांच्या बाजूनं नव्हतं," आई म्हणाली. "मी त्या वर्षी रोज संध्याकाळी दारातच उभी असायचे."

बाबांनी ते घर तिच्या हातातून घेतलं, मागून खळ लावली आणि पट्टीवर बसवलं. अंगठ्यानं दाबत राहिले, चिकटून गेलं तरी. आत्या दुसरीकडे वळली आणि कातरणं वेचायला लागली. ती अशी वळली नसती, तर बाबा तिथून उठून गेले असते असं मला अजून वाटतं.

बारावं घर बाबांनी एकट्यानं केलं. खिडक्यांपर्यंत निळं पाणी आणि छपरावर आम्ही पाचजण.

चार दिवस संपले. आत्या ठरल्या वेळी कामावर गेली. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, सुट्टी कशी गेली. आत्यानं सांगितलं, "पाण्यात." त्या बाईला वाईट वाटलं, तिनं आपल्या डब्यातलं अर्धं हिला काढून दिलं. खुलासा करायचं आत्यानं टाळलं, कारण त्या बाईच्या हाताला फार चव होती, असं तिनंच आम्हाला संध्याकाळी येऊन सांगितलं.